घरचा कोपरा आणि संस्थेची भिंत

ज्या घरांत एखादें मूल जन्मतः पंगु, आंधळें, बहिरें किंवा बुद्धीनें मंद निपजतें, त्या घराच्या मनांत एक प्रश्न वर्षानुवर्षें ठाण मांडून असतो, आणि तो बहुधा उघड बोलला जात नाहीं. "आमच्या मागें याचें कसें होईल?" हा तो प्रश्न. आईबाप आहेत तोंवर तें मूल त्यांच्या पदराखालीं वाढतें. पुढें भाऊभावजय, पुतणे यांच्या सद्बुद्धीवर त्याचा भार पडतो. आणि तेंहि न जमल्यास कुठल्या तरी संस्थेचें दार ठोठावावें लागतें. घरचा कोपरा किंवा संस्थेची भिंत, यांपलीकडे तिसरी वाट असूं शकते हें पुष्कळांच्या ध्यानींच येत नाहीं. युरोपांतील कांहीं राष्ट्रांनीं गेल्या साठसत्तर वर्षांत ही तिसरी वाट कायद्यानें बांधून काढण्याचा यत्न केला आहे. ती कशी बांधली गेली, कोठें पक्की झाली आणि कोठें अजून कच्ची आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही वाट युरोपच्या उपजत भूतदयेंतून निघालेली नाहीं. जर्मनींत १९३३ सालीं नाझी राजवटीनें, आनुवंशिक व्यंग असल्याचा शिक्का बसलेल्या स्त्रीपुरुषांचें सक्तीनें निर्बीजीकरण करण्याचा कायदा केला. आणि १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेल्या हिटलरच्या एका चिठ्ठीनें असाध्य रुग्णांस 'दयेचें मरण' देण्याची मुभा डॉक्टरांस मिळाली. त्या चिठ्ठीच्या आधारें १९४१ च्या ऑगस्टपर्यंत संस्थांतील सत्तर हजारांहून अधिक माणसें विषारी वायूनें मारलीं गेलीं, आणि त्यांच्या घरीं खोट्या रोगांचीं नांवें घातलेलीं दुखवट्याचीं पत्रें गेलीं. स्वीडनसारख्या शांत लोकशाही देशांतहि १९३४ सालचा निर्बीजीकरणाचा कायदा थोड्याफार फेरफारानें १९७५ पर्यंत चालू होता. 'दया' हा शब्द किती निसरडा आहे, आणि भिंतीआड गेलेल्या माणसाची दाद घेण्यास कोणी नसतें म्हणजे काय होतें, हें या इतिहासावरून दिसतें. पुढच्या पिढीनें दयेऐवजीं हक्काची भाषा कां धरली, याचें कारण यांत आहे.

नव्या वाटेचा पहिला दगड डेन्मार्कमध्यें बसला, आणि तो बसण्यास सरकारापेक्षां आईबाप अधिक कारण झाले. तेथें बुद्धीनें मंद असलेल्या मुलांच्या पालकांनीं १९५० नंतरच्या लगतच्या वर्षांत संघ स्थापून, मुलांस शेंकड्यांनीं एका छताखालीं ठेवणाऱ्या संस्थांविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. त्या खात्याचे अधिकारी नील्स बँक-मिकेल्सन यांनीं तें मनावर घेतलें. जर्मन अंमलाविरुद्धच्या लढ्यांत या गृहस्थांनीं स्वतः बंदिवास सोसला होता. तेव्हां कोंडून ठेवणें म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. अशा माणसांचें जीवन शक्य तितकें इतरांच्या जीवनासारखें असावें, हें तत्त्व १९५९ च्या डॅनिश कायद्यानें मान्य केलें. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनीं १९६९ सालीं तें अधिक उलगडून सांगितलें. दिवसाची लय असावी, म्हणजे सकाळीं उठून, कपडे करून बाहेर पडावें. आठवड्याची लय असावी, म्हणजे राहणें एकीकडे, काम दुसरीकडे आणि विरंगुळा तिसरीकडे. वर्षाची लय असावी, म्हणजे सणवार आणि सुट्या यांचा भेद कळावा. यांत तत्त्वज्ञानाचा डौल नाहीं. कोणत्याहि गृहिणीस पटेल अशी ही गोष्ट आहे. जो मनुष्य एकाच खोलींत उठतो, तेथेंच जेवतो आणि तेथेंच निजतो, त्याला वेळच्या वेळीं ताट मिळालें तरी त्याचा दिवस उगवला असें म्हणतां येत नाहीं. मग ती खोली संस्थेंतील असो कीं घरांतील.

शाळेच्या बाबतींत सर्वांत धाडसी पाऊल इटलीनें टाकलें. १९७१ सालच्या कायद्यानें अपंग मुलांचें सक्तीचें शिक्षण साधारण वर्गांतूनच व्हावें असें ठरविलें. परंतु फार तीव्र व्यंगाचीं मुलें त्यांतून वगळलीं होतीं. फ्रांका फाल्कुच्ची या सिनेटर बाईंच्या समितीनें १९७५ सालीं आपला अहवाल दिला, आणि ४ ऑगस्ट १९७७ च्या कायद्यानें मागें पडणाऱ्या मुलांसाठीं काढलेले निराळे वर्ग मोडून टाकले. निराळे वर्ग मोडणें सोपें. मोडल्यावर त्या मुलांचें काय, हा खरा प्रश्न. कायद्यानें त्याचें उत्तरहि दिलें. ज्या वर्गांत अपंग मूल असेल त्या वर्गांत वीसपेक्षां अधिक मुलें नसावींत, आणि नेहमींच्या शिक्षकांच्या जोडीला विशेष तयारीचा शिक्षक असावा, अशी तरतूद त्यानें केली. हा शिक्षक त्या एका मुलाचा रखवालदार नव्हे, तो इतरांच्या बरोबरीनें साऱ्या वर्गाचा शिक्षक आहे, हें १९९२ च्या कायद्यानें स्पष्ट केलें.

कायद्यांतील एका शब्दाचें मोल किती, हें इटलीच्याच एका निकालावरून कळतें. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील प्रवेश अपंगांस 'सुकर केला जाईल', असे शब्द १९७१ च्या कायद्यांत होते. १९८७ सालीं तेथील घटना-न्यायालयानें सांगितलें कीं, हे शब्द घटनेस धरून नाहींत. त्या ठिकाणीं प्रवेशाची 'हमी आहे' असें वाचलें पाहिजे. 'सुकर करूं' असें म्हणणारा मुख्याध्यापक जागा नाहीं, शिक्षक नाहीं, असें सांगून हात झटकूं शकतो. हमी दिल्यावर त्याची ती सोय उरत नाहीं. अर्थात् तेथेंहि सारें आलबेल नाहीं. विशेष तयारीचे शिक्षक पुरत नाहींत, नेमलेले दरवर्षीं बदलतात, आणि ठरलेले तास मिळावे म्हणून आईबापांस कोर्टाची पायरी चढावी लागते. तथापि तक्रार करावयास हक्काची जागा आहे, हा फरक लहान नव्हे.

शाळेमागून नोकरी येते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीनें जखमी सैनिकांसाठीं कांहीं जागा राखण्याची सक्ती मालकांवर केली. १९७४ सालीं हा हक्क व्यंगाचें कारण कोणतेंहि असो, सर्वांस लागू झाला. आज ज्याच्याकडे वीस किंवा अधिक जागा आहेत, त्या मालकानें शेंकडा ५ जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांस दिल्या पाहिजेत. न दिल्यास भरपाईची रक्कम भरली पाहिजे, आणि ती रक्कम अपंग नोकरांच्या सोयींवर खर्च होते. फ्रान्सनें १९८७ सालीं शेंकडा ६ चें प्रमाण ठरविलें. इंग्लंडनेंहि १९४४ सालीं शेंकडा ३ चा नियम केला होता. पण भरपाईची तजवीज नव्हती आणि खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले, त्यामुळें तो कागदावर राहिला. त्या कायद्यान्वयें खास अपंगांसाठीं म्हणून जीं दोन कामें राखलीं गेलीं, तीं होतीं लिफ्ट चालविणें आणि मोटारतळावर राखण करणें! अपंगांच्या कर्तृत्वाविषयीं राज्यकर्त्यांची कल्पना किती तोकडी होती, हें यापरतें स्पष्ट कसें दिसावें? १९९५ सालीं इंग्लंडनें तो मार्ग सोडून भेदभावाविरुद्ध कायदा केला. जर्मनींतहि कित्येक मालक भरपाई भरून मोकळे होतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

आतां घराकडे वळूं. जर्मनींत जन्मलेले आडोल्फ रात्स्का यांस १९६१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, पोलिओ झाला. त्यांच्यासारख्यास राहण्याजोगें घर नाहीं आणि मदतनीस नाहीं, म्हणून पांच वर्षें त्यांस रुग्णालयांत काढावीं लागलीं. १९६६ सालीं ते कॅलिफोर्नियांत शिकावयास गेले, आणि मदतनीस स्वतः निवडून इतर विद्यार्थ्यांप्रमाणें वसतिगृहांत राहूं लागले. शरीर तेंच होतें. बदलली होती ती मदतीची व्यवस्था. पुढें स्वीडनमध्यें स्थायिक झाल्यावर १९८४ सालीं त्यांनीं स्टॉकहोम येथें आपल्यासारख्यांची सहकारी संस्था उभारली. १९९४ पासून अमलांत आलेल्या स्वीडिश कायद्यानें व्यक्तिगत मदतनीस हा हक्कच केला. अंघोळ, कपडे, जेवण अशा मूलभूत गरजांसाठीं ज्यास आठवड्यास वीस तासांहून अधिक मदत लागते, त्याच्या मदतनिसाचा खर्च सरकार देतें. कोणास नेमावें, त्यानें केव्हां यावें आणि काय करावें, हें तो मनुष्य स्वतः ठरवितो. घरचें माणूसहि पगारी मदतनीस होऊं शकतें. रात्स्का २०२४ सालीं वारले. त्याआधींच, २००९ सालच्या एका न्यायनिर्णयापासून, 'मूलभूत गरज' या शब्दांचा अर्थ आंखडला जाऊन अनेकांची मदत घटली होती. मिळालेला हक्क राखावाहि लागतो, तो असा.

आमच्या कुटुंबांतून ही सेवा बहुधा नोकरी सोडलेल्या आईच्या, न लग्न झालेल्या बहिणीच्या किंवा सुनेच्या वांट्यास येते. ती प्रेमानें केली जाते यांत संशय नाहीं. परंतु ज्याची सेवा होते त्याला पंख्याचें बटण दाबावयासहि कोणाची तरी सवड पाहावी लागते, आणि जी सेवा करते तिला आपला शीण बोलून दाखविण्याचीहि चोरी. मदतनीस हक्कानें मिळाला म्हणजे बहीण पुन्हां बहीण होते. कुटुंब तुटत नाहीं, उलट त्यावरचा ताण सैल होतो.

या संदर्भांत युरोपीय न्यायालयाचा १७ जुलै २००८ चा निकाल आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य ध्यानीं ठेवावा. लंडनमधील एका वकिली कचेरींत काम करणाऱ्या मातेची तक्रार होती कीं, आपल्या अपंग मुलाच्या शुश्रूषेसाठीं सवलत मागितली असतां तिला आळशी म्हटलें गेलें, आणि धडधाकट मुलांच्या आईबापांस मिळणारी मोकळीक तिला नाकारली. शेवटीं तिनें नोकरी सोडली. नोकरींतील भेदभावास मनाई करणारा युरोपीय संघाचा २००० सालचा निर्देश अपंग नोकरासाठीं आहे, अपंगाच्या आईसाठीं नव्हे, असा बचाव झाला. न्यायालयानें तो फेटाळून ठरविलें कीं, मुलाच्या अपंगत्वापायीं आईस वाईट वागविणें हाहि निषिद्ध भेदभावच होय. २०१९ च्या दुसऱ्या निर्देशानें घरच्या आजारी वा परावलंबी माणसाच्या सेवेसाठीं वर्षास निदान पांच कामाच्या दिवसांची रजा नोकरदारांस देवविली आहे. पांच दिवस थोडेच. पण घरची सेवा ही ज्याची त्यानें निस्तरावयाची खाजगी अडचण नव्हे, एवढें तरी त्यांतून मान्य झालें.

राहिला बाहेरचा रस्ता. संस्थेंत वर्षें काढलेल्या पॉल हंट या इंग्लिश गृहस्थानें १९७२ सालीं 'गार्डियन' पत्रांत पत्र लिहून अपंगांस संघटित होण्याचें आवाहन केलें. त्यांतून निघालेल्या संघाचें म्हणणें असें कीं, पाय नसणें ही शरीराची उणीव. परंतु कचेरीला केवळ पायऱ्याच असणें ही समाजाची करणी. २०१९ चा युरोपीय सुगम्यता कायदा याच विचाराचें फळ आहे. २८ जून २०२५ पासून बँकेचीं पैसे देणारीं यंत्रें, तिकिटांचीं यंत्रें, संगणक, दूरध्वनी, ई-पुस्तकें, घरबसल्या खरेदीच्या सोयी, असें जें जें नवें बाजारांत येईल तें अपंगांसहि वापरतां यावें असें त्यानें बंधन घातलें आहे.

इतकें असूनहि युरोपीय संघांत काम करण्याच्या वयाच्या अपंगांपैकीं सुमारें निम्मेच नोकरींत आहेत. इतरांत हें प्रमाण सुमारें तीन-चतुर्थांश आहे. मोठ्या संस्थाहि पुष्कळ ठिकाणीं उभ्या आहेत. तेव्हां तेथें स्वर्ग अवतरला असें समजण्याचें कारण नाहीं. आपणांस घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. संयुक्त राष्ट्रांनीं १३ डिसेंबर २००६ रोजीं संमत केलेला अपंगांच्या हक्कांचा करार भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं स्वीकारला, म्हणजे युरोपीय संघाच्याहि आधीं. आणि आपला २०१६ चा कायदा त्याच करारावर उभा आहे. साधारण शाळेंत प्रवेश, नोकरींत वाजवी सोय, इमारतींत चढउताराची व्यवस्था, हे शब्द आतां आपल्याहि कायद्यांत आहेत. उणीव असेल तर ती मागणाऱ्यांची. डेन्मार्कमध्यें आईबापांनीं संघ केला नसता आणि इटलींत त्यांनीं शाळांचा पिच्छा पुरविला नसता, तर तेथील कायदेहि कपाटांतच राहिले असते.

म्हणून ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं त्याचें नांव जवळच्या साधारण शाळेंत घालावयास जावें, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. ज्यांच्या घरीं नाहीं, त्यांनीं आपल्या मुलाच्या वर्गांत तें मूल आलें असतां अभ्यास मागें पडेल अशी कुरकूर करूं नये, आणि सोसायटीच्या सभेंत जिन्याशेजारीं उतरण बांधण्याचा ठराव आला तर खर्चाचें कारण पुढें करूं नये. घरांत जें प्रौढ अपंग माणूस असेल, त्याच्याविषयींचा निर्णय त्याला बाहेर बसवून घेऊं नये. आधीं त्यालाच विचारावें. एवढ्यासाठीं कोणत्याहि नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.