निम्मा वेळ अंधारच

रिळाच्या सिनेमात प्रेक्षक जवळजवळ निम्मा वेळ काळाकुट्ट पडदाच बघत असतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसेना. प्रोजेक्टरमध्ये फिल्मची पट्टी सलग धावत नाही. एक चित्र दिव्यासमोर येतं, थबकतं, मग झटक्यात पुढचं येतं. ते सरकताना दिसू नये म्हणून तेवढ्यापुरता फिरता पडदा प्रकाश अडवतो. सेकंदाला 24 चित्रं. चित्र थांबलेलं असतानाही प्रकाश एकदा तोडला जातो, म्हणजे सेकंदाला 48 वेळा उजेड आणि 48 वेळा अंधार. डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही आणि दोन चित्रांमधली हालचाल मेंदू स्वतः भरून काढतो. अडीच तासांच्या चित्रपटात अशी 2,16,000 स्थिर चित्रं असतात. धावत येणारी नायिका खरं तर आपल्याच डोक्यात धावते!

ही किमया आधी उलगडून बघायची आणि मग प्रेक्षागृहात बसून तिला पुन्हा भुलायचं, अशा दोन्ही सोयी असलेलं ठिकाण नवी मुंबईकरांना खाडी ओलांडली की मिळतं. पेडर रोडवर पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातलं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय. 19 जानेवारी 2019 रोजी त्याचं उद्घाटन झालं. एकोणिसाव्या शतकातल्या गुलशन महाल या बंगल्यात सिनेमाचा इतिहास आहे, तर शेजारच्या नव्या इमारतीत तंत्रज्ञान, ‘गांधीजी आणि सिनेमा’ अशा विषयांची चार दालनं.

इतिहासाचा सगळ्यात विलक्षण तुकडा मात्र, माझ्या मते, शिळफाट्यापलीकडच्या कल्याणातला आहे. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्याआधीच, 1892 च्या सुमारास, कल्याणचे महादेव पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत होते. काचेवर हातानं रंगवलेल्या आकृत्या, मागे दिवा, पुढे भिंग. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रा भराभर पालटल्या की पडद्यावरचं पात्र हलू लागे. जोडीला निवेदन आणि संगीत. कॅमेऱ्याशिवायचा हा सिनेमाच होता.

पुढे 1899 मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. ती जागा पेडर रोडपासून फार लांब नाही.

दादासाहेब फाळक्यांनी स्थिर चित्रांची हीच किमया उलट्या बाजूनं वापरली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत गेले आणि मग ती सगळी सलग दाखवली. बघणाऱ्यासमोर कोंब फुटला, वेल वर चढला. रोप वाढतं हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते वाढताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

संग्रहालयाच्या नव्या इमारतीतल्या मुलांच्या स्टुडिओत हेच तंत्र हाताळायला मिळतं. एखादी वस्तू किंचित हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. मुलं बरोबर असतील तर इतिहासाची दालनं नंतर बघा, आधी त्यांना तिथे न्या.