व्हिसामुक्त प्रवेशाचे नियम : स्वरूप, अटी आणि गिरगाव-दादर-परळ परिसरातील संदर्भ

सारांश

परदेशी नागरिकास व्हिसाशिवाय भारतात प्रवेश देणारी सवलत मर्यादित असून ती राष्ट्रीयत्व, प्रवासाचा मार्ग, हेतू आणि मुदत या चार घटकांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या सवलतीचे स्वरूप, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी व सद्यःस्थितीतील अटी यांचे विवेचन दक्षिण व मध्य मुंबईतील दोन नित्य प्रसंगांच्या आधारे केले आहे. परळ येथे उपचारासाठी येणारे शेजारी देशांतील रुग्ण आणि गिरगाव-लालबाग परिसरात सणासुदीला येणारे परदेशस्थ मराठी आप्त हे ते दोन प्रसंग होत.

बीजसंज्ञा : पारपत्र, व्हिसा, व्हिसामुक्त प्रवेश, ई-व्हिसा, ओसीआय, वैद्यकीय प्रवास.

१. प्रस्तावना

गणेशोत्सवाच्या सुमारास गिरगावातील एखाद्या चाळीत अमेरिकेत जन्मलेला नातू आजी-आजोबांकडे येतो. त्याला मराठी समजते, आरत्या तोंडपाठ असतात, त्याचे आईवडील याच चाळीत लहानाचे मोठे झालेले असतात. त्याच दिवसांत तेथून काही किलोमीटरवर, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नेपाळमधील एखादा रुग्ण तपासणीसाठी रांगेत उभा असतो. त्याला मराठी येत नाही आणि या शहरात त्याचे कोणी आप्तही नाही. तरीही भारतात येण्यासाठी नातवाला पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि रुग्णाला ती लागत नाही.

वरकरणी विसंगत वाटणारी ही स्थिती कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः सुसंगत आहे. सीमेवरील अधिकारी रक्ताचे नाते, भाषा किंवा धर्म पाहत नाही. तो प्रवाशाच्या हातातील कागद आणि त्या कागदामागील दोन राज्यांमधील करार पाहतो. हे मूलभूत तत्त्व लक्षात न आल्यामुळे अनेक कुटुंबांना ऐन वेळी अडचणीस सामोरे जावे लागते. यास्तव या नियमांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

पारपत्र हे प्रवाशाची ओळख व त्याचे राष्ट्रीयत्व सिद्ध करते आणि ते त्याचा स्वतःचा देश देतो. व्हिसा ही ज्या देशात जावयाचे त्या देशाने दिलेली प्रवेशाची परवानगी होय. व्यवहारात चार भिन्न व्यवस्थांना सरसकट ‘व्हिसा लागत नाही’ असे म्हटले जाते. त्यांतील भेद पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(अ) व्हिसामुक्त प्रवेश : प्रवाशाला प्रवासापूर्वी वा आगमनानंतर कोणताही व्हिसा घ्यावा लागत नाही. भारताने ही सवलत नेपाळ, भूतान व मालदीव या देशांच्या नागरिकांना दिली आहे.

(आ) आगमनानंतरचा व्हिसा : प्रवासी विमानतळावर उतरल्यावर अर्ज करतो व तेथेच त्याला व्हिसा मिळतो. मुंबईसह निवडक विमानतळांवर ही सोय जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिरात यांच्या नागरिकांना आहे. जपानसाठी ती १ मार्च २०१६ पासून सुरू झाली.

(इ) ई-व्हिसा : दूतावासात न जाता संगणकाद्वारे अर्ज करून मिळणारी परवानगी. भारताने ही पद्धत २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली आणि पुढे तिची व्याप्ती दीडशेहून अधिक देशांपर्यंत वाढली. अर्ज सोपा झाला तरी तो व्हिसाच आहे आणि तो प्रवासापूर्वीच मिळवावा लागतो.

(ई) ओसीआय : भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारी नोंदणी. तिच्यासोबत आजीवन, बहुवार प्रवेशाची मुभा मिळते.

यांखेरीज शुल्कमुक्त व्हिसा हा आणखी एक प्रकार गोंधळास कारण होतो. उदाहरणार्थ, मॉरिशसच्या नागरिकांकडून व्हिसाचे शुल्क घेतले जात नाही. परंतु शुल्क माफ झाले म्हणजे व्हिसा माफ झाला असे नव्हे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बहुतांश भागांत पारपत्राविना प्रवास शक्य होता. युद्धकाळातील निर्बंध शांततेतही टिकले आणि भारतात ‘पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम, १९२०’ अस्तित्वात आला. त्यानंतर १९३९ चा विदेशी नागरिक नोंदणी अधिनियम व १९४६ चा विदेशी नागरिक अधिनियम यांनी या व्यवस्थेचा सांगाडा पूर्ण केला.

स्वातंत्र्यानंतर मुंबईकरांनी खुल्या सीमा मिटताना पाहिल्या. कराची व मुंबई ही एकाच किनाऱ्यावरील, जहाजमार्गाने जोडलेली बंदरे. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत लागू झाली आणि ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांमध्ये पारपत्र व व्हिसा आवश्यक ठरले. गोव्याच्या बाबतीतही असेच घडले. गिरगावलगतच्या धोबी तलाव परिसरात गोमंतकीय खलाशी व कामगार यांची ‘कूड’ या नावाने ओळखली जाणारी ग्रामनिहाय वसतिस्थाने होती. पोर्तुगीज अमलाखालील गोवा परकीय प्रदेश असूनही तेथील माणसे मुंबईस सहज ये-जा करीत. १९५४ मध्ये राजकीय संघर्ष तीव्र झाल्यावर या प्रवासावर परवान्याचे निर्बंध आले आणि घर एका बाजूला व रोजगार दुसऱ्या बाजूला, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हा अडसर दूर झाला.

ब्रिटनसारख्या राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांनाही दीर्घकाळ भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नसे. १९८४ साली, पंजाबमधील घडामोडींच्या पार्श्वभूमीवर, ब्रिटिश नागरिकांची ही सवलत संपली. १९८६ मध्ये ब्रिटननेही भारतीयांसाठी व्हिसा सक्तीचा केला. या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : व्हिसामुक्त प्रवेश हा प्रवाशाचा उपजत हक्क नाही. तो राज्याने दिलेला आणि राज्यास परत घेता येणारा अनुग्रह आहे.

उपरोक्त तीन जुने कायदे तसेच वाहतूकदारांचे उत्तरदायित्व ठरविणारा २००० सालचा कायदा रद्द करून त्यांच्या जागी ‘आप्रवास आणि विदेशी नागरिक अधिनियम, २०२५’ हा एकत्रित कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. सवलतींचा स्वतंत्र आदेशही त्याच वेळी प्रसृत झाला.

४. शेजारी देशांचे नागरिक : परळचा संदर्भ

नेपाळी नागरिकांच्या सवलतीचे मूळ ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारात आहे. या कराराच्या सातव्या कलमान्वये दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत परस्पर सवलती दिल्या. भूतानशी असलेले विशेष संबंध १९४९ च्या करारावर आधारलेले असून २००७ मध्ये तो करार नव्याने करण्यात आला.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. कर्करोगाच्या उपचारांना महिनोन् महिने लागतात, वारंवार यावे लागते आणि सोबतीस माणूस लागतो. अशा वेळी व्हिसाची आवश्यकता नसणे ही सवलत किती मोलाची आहे हे सहज ध्यानात येईल. नेपाळी रुग्ण भू-सीमा ओलांडून रेल्वेने मुंबईस येऊ शकतो. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र वा मतदार ओळखपत्र यांसारखे त्याच्या शासनाचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र त्याच्याजवळ असले म्हणजे पुरते.

मात्र या सवलतीला मार्गाची अट आहे. समजा, रुग्णाचा एक मुलगा दुबईत नोकरी करतो व दुसरा हाँगकाँगमध्ये. दोघेही नेपाळी नागरिक असून वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी थेट मुंबईस येऊ इच्छितात. दुबईहून येणाऱ्यास वैध नेपाळी पारपत्र लागेल, पण व्हिसा लागणार नाही. हाँगकाँगहून येणाऱ्यास मात्र व्हिसाची सवलत मिळणार नाही. कारण चीन, मकाव, हाँगकाँग व पाकिस्तान येथून येणाऱ्या नेपाळी व भूतानी नागरिकांना ती लागू नाही. राष्ट्रीयत्व तेच, हेतू तोच, तरीही केवळ मार्गामुळे नियम बदलतो. हे ज्याला ठाऊक नाही तो परक्या विमानतळावर अडकून पडतो आणि शस्त्रक्रियेची तारीख टळून जाते.

मालदीवच्या नागरिकांच्या बाबतीत अट मुदतीची आहे. पर्यटनासारख्या हेतूंसाठी त्यांना ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. याउलट बांगलादेशातील रुग्णास, अंतर फार नसले आणि आजार तोच असला, तरी वैद्यकीय व्हिसा घ्यावाच लागतो व सोबतच्या निकटच्या नातलगालाही परिचारक म्हणून स्वतंत्र व्हिसा लागतो. दोन्ही राज्यांतील संबंध ताणले गेले की त्याची पहिली झळ अशा रुग्णांना पोहोचते.

येथे एका सामाजिक गैरसमजाचा उल्लेख आवश्यक वाटतो. मुंबईत नेपाळी बोलणारी प्रत्येक व्यक्ती नेपाळची नागरिक असतेच असे नाही. सिक्कीम व दार्जिलिंग येथील लक्षावधी भारतीयांची ती मातृभाषा असून १९९२ च्या एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिचा समावेश आठव्या अनुसूचीत झाला आहे. भाषेवरून एखाद्यास परदेशी ठरविणे हे भाषेवरून एखाद्यास भारतीय ठरविण्याइतकेच चुकीचे आहे.

५. परदेशस्थ मराठी कुटुंबे : गिरगाव व लालबागचा संदर्भ

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा, तर लालबागच्या राजाची स्थापना १९३४ सालची. या उत्सवांच्या ओढीने परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मायदेशी येतात. अशा कुटुंबात पुष्कळदा आईवडिलांचे पारपत्र भारतीय आणि मुलाचे अमेरिकी असते. सर्वांची तिकिटे एकत्र काढली जातात. परंतु मुलासाठी व्हिसा वा ओसीआय लागेल हे ध्यानात येत नाही. अशा वेळी विमान कंपनी मुलास विमानात बसू देत नाही, कारण वैध कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास कंपनीलाच दंड होतो.

दुसरा संभ्रम आईवडिलांनीच परदेशी नागरिकत्व घेतल्यावर उद्भवतो. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर जुन्या भारतीय पारपत्रावर, त्याची मुदत शिल्लक असली तरी, प्रवास करणे हा अपराध ठरतो.

अशा व्यक्तींसाठी ओसीआयची व्यवस्था २००५ पासून आहे. २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर जे भारताचे नागरिक होते किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र होते, तसेच जे १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशातील होते, ते व त्यांची मुले, नातवंडे व पतवंडे यांना ही नोंदणी मिळू शकते. शेवटच्या तरतुदीमुळे गोमंतकीय वंशाचे लोकही पात्र ठरतात. पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिकत्व असलेल्यांस, तसेच ज्यांच्या आईवडिलांकडे, आजोबांकडे वा पणजोबांकडे ते होते त्यांस ही नोंदणी मिळत नाही. पूर्वीची पीआयओ पत्रिका ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्ये विलीन झाली.

ओसीआयच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. या पत्रिकाधारकास मतदान करता येत नाही वा शेतजमीन खरेदी करता येत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता व धर्मप्रचार यांसारख्या कामांसाठी त्यास विशेष परवानगी घ्यावी लागते. प्रवासात परदेशी पारपत्र व ओसीआय पत्रिका ही दोन्ही जवळ असणे आवश्यक आहे.

मॉरिशसमधील मराठी समाजाचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या कोकणी माणसांचे हे वंशज. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. भारतीय पर्यटकास मॉरिशसला जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. मॉरिशसच्या नागरिकास मात्र भारतासाठी, शुल्कमुक्त का होईना, व्हिसा लागतो. पिढ्यांच्या मर्यादेमुळे यांतील अनेकजण ओसीआयपासून वंचित होते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ही मर्यादा विशेष बाब म्हणून वाढविल्याचे जाहीर केले.

६. यजमानांचे उत्तरदायित्व

प्रवेशाचा नियम सीमेवर संपतो. निवासाचा नियम तेथून सुरू होतो. दादर-परळ परिसरात रुग्ण व त्यांचे नातलग यांच्या निवासाची मोठी परंपरा आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती ही त्यांतील सर्वपरिचित नावे. त्यांच्या जोडीला लहानमोठे लॉजही आहेत. परदेशी पाहुणा उतरल्यास निवासव्यवस्था चालविणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन जुन्या कायद्यापासून चालत आले असून ते ‘सी फॉर्म’ या नावाने परिचित आहे. २०२५ च्या कायद्याने निवासव्यवस्थांबरोबरच रुग्णालये व शिक्षणसंस्था यांनाही असे उत्तरदायित्व दिले आहे. अर्थात, पाल्याच्या प्रवेशासाठी येणाऱ्या परदेशस्थ कुटुंबांमुळे हा विषय महाविद्यालयांच्या कार्यालयांशीही निगडित झाला आहे.

वैध पारपत्र वा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास नव्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उपचार लांबल्यास मुदत संपण्यापूर्वीच वाढीसाठी अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे नियममुक्त प्रवेश नव्हे. प्रवासी कोणत्या देशाचा नागरिक आहे, तो कोठून येत आहे, कशासाठी येत आहे आणि किती दिवस राहणार आहे, या चार प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिल्याशिवाय सवलत लागू आहे की नाही हे सांगता येत नाही. कराची, गोवा व ब्रिटन यांच्या अनुभवावरून या सवलती कायमस्वरूपी नसतात हेही दिसून येते. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी नियमांची नव्याने खातरजमा करणे आवश्यक आहे.

गिरगावच्या नातवाला घरचे लोक परका मानीत नाहीत. परळच्या रुग्णाला कायदा परका मानूनही दार उघडतो. आपुलकी आणि कायदा यांची मोजमापे भिन्न आहेत. हे भान ठेवून तिकिटाआधी कागदपत्रे तपासली, तर आजीची भेट चुकणार नाही आणि रुग्णाची तारीखही टळणार नाही.