हीट सिंक घासताना कागद कोणत्या नंबरचा?

संगणकातील प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीट सिंकचा तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट करण्याच्या प्रक्रियेला लॅपिंग म्हणतात. प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने पळविण्याची हौस असणाऱ्यांमध्ये हा उद्योग दोन दशकांहून अधिक काळ चालत आला आहे. तांब्याच्या तळात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे, या हट्टापायी त्यांपैकी अनेक जण दोन हजार, अडीच हजार नंबरपर्यंतचे कागद झिजवितात. उष्णतेला मात्र चकाकीशी कर्तव्य नाही. तिला सपाटी लागते आणि ती पहिल्या, खरखरीत कागदावरच मिळते. निवड चुकते तीही बहुधा याच पहिल्या कागदाची.

धातूचे दोन सपाट दिसणारे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. उरलेल्या फटींत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हवेची अवघी ०.०२६, म्हणजे पंधरा हजार पटींची तफावत. ही हवा हुसकावण्यासाठी मध्ये थर्मल पेस्ट लावतात. परंतु पेस्टची वाहकताही साधारणतः एक आकडीच असते, फार तर त्याच्या थोडी पुढे. पेस्टचा थर शक्य तितका पातळ राहावा, हाच लॅपिंगचा खरा हेतू.

या थराची किंमत हिशेबाने काढता येते. पेस्टची वाहकता ५ आणि थराची जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास, असे धरू. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून ७० वॅट उष्णता जात असेल, तर एवढ्या थरामुळेच तापमानात ७ अंशांची भर पडते. याउलट १०० वॅट दहा चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर ती भर एका अंशावर येते. सन २००० मध्ये आलेल्या एएमडीच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनमध्ये आणि त्यानंतरच्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये सिलिकॉनची चिप उघडी असे आणि हीट सिंक थेट तिच्यावर टेकत असे. त्या काळी लॅपिंगचा एवढा गाजावाजा का झाला, ते यावरून उमगते. पुढे २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ धातूचे झाकण घेऊन आला. झाकणामुळे उष्णता अधिक क्षेत्रावर पसरू लागली आणि हीट सिंक घासून मिळणारा लाभही आक्रसला. प्रत्यक्षात उष्णता झाकणावर सर्वत्र सारखी पसरत नाही, चिपच्या माथ्यावर ती अधिक दाटते. त्यामुळे लाभ अगदीच शून्य झाला, असे म्हणता येणार नाही.

कागदाकडे वळण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचा आकडा वाचता आला पाहिजे. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक, हे सर्वांना ठाऊक असते. मूळ कल्पना चाळणीची. जाड कणांसाठी हा आकडा चाळणीच्या एका इंचात किती भोके आहेत त्यावरून आला. अतिबारीक कण चाळता येत नाहीत, म्हणून ते द्रवात किती वेगाने तळाशी बसतात यावरून त्यांची प्रतवारी होते. गोंधळ होतो तो दोन पद्धतींमुळे. युरोपीय पद्धतीत आकड्यामागे ‘पी’ हे अक्षर असते, अमेरिकी पद्धतीत नसते. पी ४०० कागदाचे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे, तर अमेरिकी ४०० नंबरचे सुमारे २३ मायक्रॉनचे. अमेरिकी ६०० हा जवळपास युरोपीय पी १२०० च्या तोडीचा ठरतो. एका पद्धतीचा कागद वापरून पुढचा दुसऱ्या पद्धतीचा घेतला, तर पायरी पुढे जाण्याऐवजी मागेही जाऊ शकते. सगळे कागद एकाच पद्धतीचे, शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत. येथून पुढचे आकडे ‘पी’ पद्धतीचे आहेत.

सुतारकामाचा साधा कागद येथे उपयोगाचा नाही. तो भिजला की कण सोडतो. गॅरेजमध्ये मोटारीच्या रंगकामाला लागतो तो काळपट ‘वॉटर पेपर’ हवा. त्यावरील कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात आणि तो पाण्यात टिकतो. अमेरिकेतील ३एम कंपनीने असा जलरोधक कागद १९२१ मध्ये बाजारात आणला. पाणी घालून घासल्याने रंगाची धूळ उडत नसल्यामुळे मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला.

सुरुवात कोठून करायची, हे तळ पाहून ठरते. पोलादी पट्टीची कड तळावर उभी धरून मागून उजेड पाडावा. मधोमध किंवा कडांना स्पष्ट फट दिसत असेल, अथवा यंत्राच्या पात्याचे वळसे नखाला लागत असतील, तर २२० किंवा ३२० पासून आरंभ करावा. फट अगदी पुसट असेल, तर ४०० पुरे. येथे हात आखडता घेऊन थेट १००० नंबर उचलणारे पुष्कळ. असा कागद उंचवट्यांना चकाकी देतो, पण ते उतरवीत नाही. तास-दीड तास घासूनही तळ वाकडाच राहतो. फक्त आता तो वाकडा आणि चकचकीत असतो.

पहिल्या कागदावर अर्ध्याहून अधिक वेळ जातो, म्हणून त्या नंबरचे तीन-चार ताव आणावेत; पुढच्या नंबरांचा एकेक पुरतो. कागद जाड, सपाट काचेवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणून बसवावा. स्वयंपाकघरातील ओट्याचा दगड डोळ्यांना सपाट भासला, तरी त्याच्या सपाटीची हमी नसते. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकावा, म्हणजे तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कीस कणांमध्ये अडकून कागद तुंबत नाही. तळावर मार्करने उभ्या-आडव्या रेघा ओढून हीट सिंक स्वतःच्या वजनावरच सरकवावा. हाताचा जोर लागला की तो कलतो आणि कडा गोल होतात. काही फेऱ्यांनी तो नव्वद अंशांत फिरवावा. सर्व रेघा पुसल्या गेल्या, की सपाटी आली.

मगच ६००, त्यानंतर ८०० किंवा १०००. प्रत्येक कागदावर आधीच्या ओरखड्यांना आडवे घासावे आणि ते पूर्ण मिटल्याखेरीज पुढे जाऊ नये. मध्ये काच धुवावी. मागच्या कागदाचा एक चुकार कण नवे काम नासवितो. १००० नंतर थांबायला हरकत नाही. ओरखडे पाच मायक्रॉन खोल आहेत असे मानले, तरी झाकण असलेल्या प्रोसेसरच्या वरील उदाहरणात त्यांची किंमत अंशाच्या दहाव्या भागाएवढी होते. दोन हजार नंबरचा कागद एवढ्याचसाठी. हौस म्हणून तो जरूर वापरावा, तापमापकाकडून मात्र दाद मिळणार नाही.

सर्वच तळ घासण्याजोगे नसतात. काही कूलरमध्ये उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्या तळावरच उघड्या असतात. त्यांची भिंत पातळ असते. ती झिजून फुटली, की आतील द्रव जातो आणि नळी निकामी होते. काही तळ तर मुद्दाम फुगीर ठेवलेले असतात. इंटेलच्या २०२१ मधील एलजीए १७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला दोन बाजूंच्या मध्यावर दाबते, त्यामुळे झाकण मधोमध किंचित खोलगट होते. अशा झाकणाला फुगीर तळच नीट भिडतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०२४ मध्ये आलेला एनएच-डी१५ जी२ हा कूलर याच कारणाने मध्यम फुगीर, अधिक फुगीर आणि जवळजवळ सपाट अशा तीन तळांसह निघाला. खोलगट झाकणासाठीचा फुगीर तळ हौसेने सपाट केला, तर नेमकी चिपच्या माथ्यावर पेस्ट जाड होते आणि तापमान वाढते. प्रोसेसरचे झाकणही घासणारे आहेत. त्यात त्यावरील कोरीव अक्षरे जातात आणि त्यासोबत वॉरंटीही.

तांब्यावरील निकेलचा मुलामा उतरल्याने तांबे कालांतराने काळवंडते. त्याने फारसे बिघडत नाही. धोका धातूच्या भुकटीचा आहे. ती विजेची वाहक असल्याने हे काम मदरबोर्डपासून दूर करावे. हीट सिंक धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच पेस्ट लावावी.

लाभ झाला की नाही, हे ताडताना एक तारतम्य हवे. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली पाच अंशांनी तापली, तर प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो. नागपुरात मे महिन्यातील दुपारी घेतलेली नोंद जुलैतील नोंदीशी ताडली, तर लॅपिंगचे श्रेय पावसाला द्यावे लागेल. शिवाय जुनी, सुकलेली पेस्ट काढून नवी लावल्यानेही तापमान उतरते. म्हणून आधी नुसती पेस्ट बदलून, तेच काम अर्धा तास चालवून, खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवावे. त्यावरही दोन तापमानांतील अंतर ठीक असेल, तर वॉटर पेपर आणण्याचे कारणच उरत नाही.