जुनी जोडनौका घेतांना

‘कॅटॅमरन’ हा शब्द तामिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेलें लांकूड, ह्यावरून इंग्रजींत गेला. आज त्या नांवानें विकली जाते ती दोन अरुंद होड्या रुंद पुलानें जोडलेली शिडाची नौका. कॅरिबियन बेटांत भाड्यानें फिरलेल्या अशा पुष्कळ नौका जुन्या बाजारांत येतात, आणि पुलावरील प्रशस्त दिवाणखाना पाहून गिऱ्हाईक भुलतें.

परीक्षा व्हावयास हवी ती सांध्यांची. कॅनरी बेटांपासून सेंट लुसियापर्यंतच्या सुमारें २,७०० सागरी मैलांत दोन्ही होड्या निरनिराळ्या लाटांवर चढतात; त्या पिळानें आडभिंतींचे जोड उकलूं लागतात. कवचाच्या दोन थरांमध्यें बाल्सा लांकूड असेल, तर पाणी मुरून तें कुजतें. नौका पाण्याबाहेर काढवून लहान हातोडीनें ठोकावी. बद्द आवाज आला कीं संशय धरावा.

विकणारा जनित्र, वातानुकूलन इत्यादि जोडसामानाची बढाई मारतो. तें ओझेंच. नौका जड झाली कीं पूल खालीं येतो व लाटा त्यास तळाकडून धडका देतात. एकहोडी नौकेच्या तळाशीं जड भार असल्यामुळें ती कलंडली तरी सावरते. जोडनौका उलटली, तर बहुधा तरंगते, पण उलटीच. डोलकाठीच्या पोलादी तारा दहा वर्षांपलीकडच्या असल्यास नव्यांचा खर्च किमतींतून आधींच वजा करावा.