म्यान आणि पाते : चित्रपटातील तलवारयुद्धाची अर्थवत्ता

चित्रपटातील तलवारयुद्धाचे मूल्यमापन बहुधा कसरतीच्या अंगाने होते : नटाचा सराव किती, वार किती, प्रसंग किती लांबला. या मोजमापाने जॉर्ज सिडनी यांच्या ‘स्कारामूश’ला (१९५२) वरचे स्थान द्यावे लागेल. नाट्यगृहाच्या सज्जांतून, जिन्यांवरून आणि प्रेक्षागारातून रंगमंचावर येऊन थांबणारे त्यातील द्वंद्व सुमारे साडेसहा मिनिटे चालते. तथापि त्याचे खरे बळ शेवटच्या क्षणात आहे. प्रतिस्पर्धी तावडीत सापडलेला असूनही नायकाचा हात अडतो, आणि का अडतो हे त्याचे त्यालाच कळत नाही. तो आपला भाऊ आहे, हे त्याला नंतर समजते. साबातिनी यांच्या मूळ कादंबरीत (१९२१) हे नाते पिता-पुत्राचे आहे. माध्यमांतरात नाते बदलले, पण रक्ताची ओळख बुद्धीआधी हाताला पटावी ही कल्पना चित्रपटाने पात्यावर सोपवली. संवादांना न पेलणारा आशय शस्त्राने वाहून नेणे, ही श्रेष्ठ तलवारयुद्धाची पहिली अट मानता येईल.

शस्त्राची जातही बोलते. मायकल केटन-जोन्स यांच्या ‘रॉब रॉय’मध्ये (१९९५) विल्यम हॉब्स यांनी बसवलेले अंतिम द्वंद्व दोन विषम तलवारींमधील आहे : स्कॉटिश डोंगराळ मुलखातील जड, रुंद पात्याची तलवार आणि दरबारी सरदाराची हलकी, सुईसारखी टोचणारी तलवार. कुस्तीतील खडाखडीप्रमाणे आरंभी अंदाज घेतले जातात. पुढे मात्र जड शस्त्र पेलणारा उघड उघड थकत जातो. दोन समाजांतील अंतर येथे मनगटाच्या थकव्यातून दिसते. अखेरीस नायक शत्रूचे पाते उघड्या हाताने पकडतो, तेव्हा शास्त्रशुद्ध खेळ संपून जगण्याची झटापट उरते.

जपानी चित्रपटांत हा विचार अधिक खोल गेला. अकिरा कुरोसावा यांचा ‘सांजुरो’ (१९६२) यामामोतो शुगोरो यांच्या ज्या कथेवर आधारलेला आहे, तिचा नायक तलवारबाजीत निपुण नाही. ‘योजिम्बो’च्या (१९६१) यशानंतर कुरोसावांनी त्याच्या जागी तोशिरो मिफुनेचा अजिंक्य नायक आणला. या बदलाची किंमत मात्र त्यांनी कथेतूनच वसूल केली. चांगली तलवार म्यानात राहते, असे एक वृद्धा नायकाला आरंभीच सुनावते. शेवटी तो आणि मुरोतो अगदी जवळ, निश्चल उभे राहतात. दीर्घ शांतता, आणि मग एक घाव दोन तुकडे. रक्ताची चिळकांडी उडते. पाहणारे तरुण वाहवा करतात आणि नायक त्यांच्यावर संतापतो, कारण मेलेला माणूस त्याच्यासारखाच, म्यान नसलेली तलवार होता. प्रेक्षकही त्या क्षणी त्या तरुणांच्याच रांगेत उभा असतो.

मुरोतोची भूमिका करणारा तात्सुया नाकादाई त्याच वर्षी मासाकी कोबायाशी यांच्या ‘हाराकिरी’त नायक झाला. दारिद्र्याने गांजलेल्या त्याच्या जावयाने खरी पाती विकून म्यानात बांबूची पाती ठेवलेली असतात. ई घराण्याचे सेवक त्याला त्याच बोथट बांबूने पोट फाडायला लावतात. ही हकीकत ऐकताना सासरा हान्शिरो हादरतो तो स्वतःच्या तलवारीमुळे : मुलगी आणि नातू उपाशी असताना त्याला ती विकण्याचे सुचलेही नव्हते. पुढच्या प्रत्येक झुंजीवर या अपराधभावाची सावली आहे. तिघा दोषींना तो ठार करत नाही. त्यांच्या शेंड्या कापून आणतो. सामुराईला त्यापरते लांच्छन नाही, आणि ते तिघे आजारपणाच्या सबबीखाली तोंड लपवून बसलेले असतात. त्यांपैकी ओमोदाकाशी वाऱ्याने गवत झोडपले जाणाऱ्या माळावर झालेले द्वंद्व संथ आहे, जवळजवळ विधीसारखे. सन्मानाच्या ज्या संहितेचा फोलपणा चित्रपट दाखवतो, तिचे सौंदर्यही तो नाकारत नाही. समीक्षेत या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे लक्ष जात नाही.

अंतिम चकमकीत हान्शिरो घराण्याच्या पूर्वजांचे पूजनीय चिलखत उचलून फोडतो. ते आतून पोकळ आहे. त्यानंतर घराणे तलवारी बाजूला सारून बंदुका आणते. त्याच्या हातून मेलेल्या सेवकांचा मृत्यू आजाराने झाल्याची नोंद दप्तरात होते, आणि फुटलेले चिलखत पुन्हा जोडून जागेवर बसवले जाते.