कोटेशनमधली चार्जरची ओळ वाचा!

इलेक्ट्रिक गाडी घेताय? एक्स-शोरूम किमतीत चार्जर धरलाय का, हे आधी विचारा. महिंद्राची बीई ६ आली तेव्हा ७.२ किलोवॅटचा चार्जर ५० हजारांचा, ११.२ चा ७५ हजारांचा, आणि दोन्ही गाडीच्या किमतीबाहेर! ११.२ साठी घरी थ्री-फेज कनेक्शन हवं. सिंगल-फेज असेल तर जादा पैसे घालू नका. बीई ६ ची ५९ युनिटची बॅटरी ७.२ वरही रात्रभरात भरते. १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर अठरा-एक तास लागतात, पण रोजचं ४०-५० किलोमीटर फिरणं असेल तर माझ्या मते तेही भरपूर झालं. हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरची केबल मशीनलाच असते. नुसतं टाइप-२ सॉकेट असलेल्या एसी पॉइंटवर मात्र केबल आपली लागते. सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या वायरिंगचा अंदाज बुकिंगआधीच इलेक्ट्रिशियनकडून घ्या.