ॲसिडनं खाल्लेली भिंत

सकाळी ७.१५. वारज्यातली चहाची टपरी. दोन कटिंग, वीस रुपये. मिस्त्री आणि त्यांचा भाचा. दोघंही मंठ्याकडचे, जालना जिल्ह्यातले. मिस्त्रींची निम्मी हयात दगडाला पॉलिश मारण्यात गेली. भाचा दिवाळीनंतर आलाय. दुचाकीच्या पुढ्यात ग्राइंडरची पिशवी, भाच्याच्या मांडीवर दोन बादल्या एकात एक घालून. त्यात पॅडचा डबा, पटाशी, स्पंज, जुन्या बनियनची फडकी.

८.४५. बाणेर. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर. नाव, फ्लॅट नंबर, आधारचा फोटो. सामानाच्या लिफ्टशेजारी पाटी आहे : मशीनचं काम १० ते १ आणि ३ ते ६. म्हणजे ग्राइंडरला दिवसाचे सहाच तास.

९.००. बाथरूममधला शॉवरचा कोपरा. भिंतीला आणि खाली पांढरा मकराना संगमरवर. वरच्या बाजूला दगड अजून चमकतोय. कमरेखाली चमक उडालीये, ओघळ उतरलेत. बोट फिरवलं की खरखर लागते.

"ताई, यावर काय मारलंत?"

ताई टॉयलेट क्लीनरची बाटली दाखवतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जाईनात, म्हणून. त्याआधी व्हिडिओत बघून व्हिनेगरही लावलं होतं.

मिस्त्री पिशवीतून संगमरवराचा तुकडा काढतात. त्यावर अर्धं लिंबू पिळतात. बारीक बुडबुडे येतात. फडक्यानं पुसल्यावर तेवढ्या जागी दगड मंद दिसतो.

"हा डाग नाही ताई. दगडच खाल्लाय."

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नळातून जमणारा पांढरा खारही बहुतांशी तोच. खार विरघळवणारं ॲसिड खालचा दगडही विरघळवतं. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीच्याच जातीचे. त्यांचंही हेच होतं.

९.३०. टॉयलेट क्लीनरच्या शेजारीच ब्लीचची बाटली आहे. मिस्त्री दोन्ही उचलतात आणि बाल्कनीत दोन टोकांना ठेवतात. पहिलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. खिडकी उघडतात, एक्झॉस्ट लावतात.

मग वीज. गीझरचा स्विच बंद. गळती झाली की वीज तोडणाऱ्या ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबतात. खट्ट. घरभर पंखे थांबतात. ठीक आहे, चालतंय. परत चालू. भाचा स्लिपरवरच वायर जोडायला निघालाय.

"बूट घाल आधी. ओल्यात मशीन चालवायचंय."

"हो मामा."

गमबूट, गॉगल, हातमोजे.

१०.००. आधी धुणं. कोमट पाण्यात न्यूट्रल क्लीनर, म्हणजे आम्लही नाही नि क्षारही नाही असा. दहा मिनिटं भिंतीवर राहू देतात. साबणाचा चिकट थर सुटू लागतो. जड पाण्यात साबणवडीचा असा थर बसतोच. स्पंजनं तो निघतो. नळाखालचा खार मात्र निघत नाही. तिथं प्लास्टिकची पट्टी आडवी धरून हळूहळू खरवडायचं. तारेची घासणी डब्यातच नाही.

११.००. ग्राइंडर सुरू. २०० नंबरचं डायमंड पॅड. भाचा मगानं पाण्याची धार धरतो. पाणी असलं की धूळ उडत नाही, दगडही तापत नाही. मशीन दोन-अडीच किलोचं, पण भिंतीशी आडवं धरायचं म्हणजे खांद्यावर येतं. एका जागी थांबलं तर खळगा पडतो. म्हणून हात सतत फिरता. खाली दुधट पाणी साचतं. जाळीवर फडकं दाबलेलं आहे. पाणी बादलीत भरायचं, गाळ खाली बसू द्यायचा, तो गोणीत टाकायचा. नाहीतर पाइप तुंबतो.

१.००. मशीन बंद. जिन्यात डबा. भाकरी, वांगं, ठेचा. मिस्त्रींची मनगटं अजून थरथरतायत.

हिशेब तोंडपाठ आहे. काम उक्तं, ९,००० रुपये. सीलर १,६००. भाच्याचा रोज ८००, दोन दिवसांचे १,६००. पॅडची झीज ७००. ग्राउट, सिलिकॉन ६००. पेट्रोल, चहापाणी ४००. काम ज्यानं दिलं त्या ठेकेदाराला १,०००. उरले ३,१००. दोन दिवसांचे.

१.४०. बिनआवाजाचं काम. कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं पडलंय. कटरनं दोन्ही कडा कापून पट्टी ओढून काढायची. एका जागी सांध्यातलं ग्राउट बोटानंच भुरभुरतं. पाणी इथूनच भिंतीत मुरतंय. सगळं पटाशीनं उकरून काढतात, ब्रशनं साफ करतात.

३.००. ४००, मग ८००, १५००, ३०००. प्रत्येक नंबरनंतर भिंत धुवायची. आधीच्या पॅडचा एक कण राहिला तरी पुढच्या पॅडखाली ओरखडा उमटतो. ८०० नंतर दगड गुळगुळीत लागतो. १५०० ला ट्यूबलाइट दिसू लागते. ३००० ला तिच्या कडा स्पष्ट होतात.

५.३०. सांध्यांत नवं ग्राउट. रबरी पट्टीनं दाबून भरायचं, ओल्या स्पंजनं पुसायचं.

६.१५. "सीलर आजच मारा ना," ताई म्हणतात. "पाहुणे यायचेत."

"ओल्या दगडात सीलर शिरत नाही ताई. वर धुरकट थर बसेल. परवा येतो. सिलिकॉनही तेव्हाच. पुढं आणखी एक दिवस पाणी नको."

सीलर तेलाचा, रंगाचा डाग आत शिरू देत नाही. ॲसिडपासून मात्र तो दगड वाचवत नाही. हे मिस्त्री आत्ताच सांगून ठेवतात. दर सहा महिन्यांनी दगडावर पाण्याचा थेंब ठेवायचा. काही मिनिटांत खाली गडद डाग पडला, तर सीलर पुन्हा लावायची वेळ झाली.

६.४५. गाळाची गोणी खांद्यावर घेऊन भाचा लिफ्टकडे जातो. मिस्त्री दाराआड एक वायपर टांगतात.

तुमच्याही बाथरूममध्ये संगमरवर, कोटा किंवा शहाबादी असेल, तर अंघोळ झाल्यावर भिंतीवरचं आणि खालचं पाणी ओढून घ्या. एक मिनिट लागतं. पाणी वाळलंच नाही तर खार धरणार कसा? आठवड्याला न्यूट्रल क्लीनर, मऊ फडकं आणि उघडी खिडकी पुरे. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड दगडाला लावू नका, आणि दोन बाटल्या कधीच एकत्र करू नका.